ओपनसेन्स आणि चार पोर्टचा डबा: एक पोर्ट फक्त अ‍ॅडमिनचं

फायरवॉलबद्दल, म्हणजे इंटरनेट आणि आपलं नेटवर्क यांच्यामधल्या पहारेकरी डब्याबद्दल, कुणी लिहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्पीड किती मिळतो? आमच्याकडे या प्रश्नात फारसा दम नाही. सावदा-रावेर पट्ट्यातल्या केळीच्या पॅकहाऊसला जी फायबरची लाईन येते, ती आजकालचा कुठलाही बरा डबा आरामात पेलतो. नवीन फायरवॉल हातात आली की मी आधी बघते की तिच्या लॉगिनच्या पानापर्यंत कोण कोण पोचू शकतं, आणि ते पान एकाच पोर्टपुरतं कोंडून ठेवायला किती खटपट करावी लागते. ओपनसेन्स या फुकटच्या फायरवॉल सॉफ्टवेअरचं हे परीक्षण त्याच अंगाने लिहिलंय. रिपोर्ट, वेब फिल्टर, ग्राफ यांच्यावर यूट्यूबवर ढीगभर आहे, ते तिकडे बघा.

माझं काम भुसावळहून चालतं. नेटवर्क, कॅमेरे, टॅलीचा सर्व्हर यांची एएमसी घेते. गिऱ्हाइकं म्हणजे पॅकहाऊस, जिनिंग, डाळमिल आणि दोन-चार पतसंस्था. ओपनसेन्स जिथे जिथे बसवलं त्यातलं एक पॅकहाऊस उदाहरणाला घेते, कारण तिथे नाना तऱ्हेची माणसं आणि यंत्रं एकाच नेटवर दिवस काढतात. ऑफिसात टॅली आणि ई-वे बिल. शेडमध्ये कॅमेरे. मागे प्रीकूलिंग आणि कोल्ड रूमचे कंट्रोलर, ज्यांनी तापमान तेरा-चौदा अंशांवर धरून ठेवायचं. त्याच्या बरंच खाली गेलं की सालीवर काळपट झाक येते आणि आखातात जायचा माल स्थानिक बाजाराच्या भावात काढावा लागतो. बाहेर ट्रकवाले, व्यापारी, कटाईच्या टोळीतली पोरं. त्यांच्यासाठी वायफाय, ज्याचा पासवर्ड दिवाणजींनी खडूने भिंतीवर लिहून ठेवलाय. त्याला माझी हरकत नाही. दिल्लीकडचा ड्रायव्हर गाडी भरेपर्यंत तासन्‌तास बसून असतो. त्याने घरी व्हिडिओ कॉल लावला तर कुणाचं काय जातं?

हरकत दुसऱ्याच गोष्टीला होती. आधी तिथे एका नावाजलेल्या कंपनीचा डबा होता, लायसन्स केव्हाच संपलेलं. नाव घेत नाही, कारण दोष डब्यापेक्षा बसवणाऱ्याचा. भिंतीवरच्या त्याच वायफायला मोबाईल जोडायचा, ब्राउझरमध्ये गेटवेचा (सगळं ज्यातून बाहेर जातं त्या डब्याचा) पत्ता टाकायचा, की फायरवॉलचं लॉगिन पान समोर हजर. मालकांना, म्हणजे अप्पांना, त्यांच्याच मोबाईलवर उघडून दाखवलं. ते म्हणाले, "पासवर्ड तं लागतोच ना ताई?"

लागतो. पण या भरवशावर राहण्याचे दिवस गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पालो आल्टोच्या फायरवॉलमधली सीव्हीई-२०२४-००१२ बाहेर आली (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीचा क्रमांक). मॅनेजमेंटच्या वेब पानापर्यंत, म्हणजे अ‍ॅडमिनच्या लॉगिन पानापर्यंत, नुसतं पोचता आलं की पासवर्ड न देता अ‍ॅडमिन होता येत होतं. कंपनीनेच आपल्या सूचनेत लिहिलं की हे पान ठराविक आतल्या आयपींपुरतं बंदिस्त असेल तर धोक्याचा आकडा ९.३ वरून ५.९ वर येतो. जानेवारी २०२५ मध्ये फोर्टिनेटची सीव्हीई-२०२४-५५५९१ जाहीर झाली, तीही लॉगिनला बगल देऊन थेट सुपर-अ‍ॅडमिन करणारी. एप्रिल २०२० मध्ये सोफोसच्या एक्सजी फायरवॉलवर हल्ले झाले, तेव्हाही सापडले ते डबे कोणते, तर ज्यांचं अ‍ॅडमिन पान किंवा यूजर पोर्टल बाहेरून दिसत होतं. या तिन्ही कंपन्या मोठ्या आणि नावाच्या आहेत. त्यांचे इंजिनिअर माझ्यापेक्षा हुशार आहेत यात वाद नाही, पण लॉगिनचं पान हाही शेवटी एक प्रोग्रॅमच, आणि प्रोग्रॅममध्ये भोक निघतं. अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा यंत्रणेने १३ जून २०२३ ला तिथल्या सरकारी खात्यांना आदेशच काढला, की इंटरनेटवरून दिसणारं मॅनेजमेंट इंटरफेस आढळलं तर १४ दिवसांत ते आत घ्या, नाहीतर त्याच्यापुढे वेगळी पडताळणी उभी करा. आपल्याकडे सर्ट-इनचे, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे, २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत: सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग, म्हणजे यंत्रांनी ठेवलेल्या नोंदी, १८० दिवस जपायचे. आता फायरवॉलमध्येच कुणी अ‍ॅडमिन होऊन बसला तर तो लॉग कशाला ठेवेल? त्यामुळे लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवायचे हे ओघाने आलंच.

आता ओपनसेन्स. २०१५ च्या जानेवारीत पीएफसेन्स या दुसऱ्या फायरवॉल सॉफ्टवेअरपासून फुटून निघालेला हा प्रकल्प. मागे नेदरलँड्सची डेसिसो ही कंपनी. खाली फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम. फुकट आणि मुक्त. वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या, जानेवारीत आणि जुलैत, आणि मधूनमधून दुरुस्त्या. लायसन्स संपलं म्हणून अपडेट बंद, ही भानगड नाही. पॅकहाऊसवाल्याला पटवायला एवढा मुद्दा पुरतो, कारण केळीचा भाव पडला की पहिला खर्च कापला जातो तो रिन्यूअलचा.

नवा बसवला की काय मिळतं? लॅनचा, म्हणजे आतल्या बाजूचा, पत्ता १९२.१६८.१.१, यूजर रूट, पासवर्ड ओपनसेन्स. वेब पान सगळ्या इंटरफेसवर, म्हणजे डब्याच्या सगळ्या जोडण्यांवर, ऐकत असतं. बाहेरच्या बाजूला, म्हणजे वॅनवर, सगळं बंद असल्याने इंटरनेटवरून कुणाला ते दिसत नाही, इथवर ठीक. पण लॅनवर 'सगळ्यांना सगळीकडे जाऊ द्या' हा रूल तयारच असतो, आणि त्याच्याही वर एक आपोआप तयार झालेला रूल बसलेला असतो. त्याचं नाव अँटी-लॉकआउट. तुम्ही काहीही रूल लिहा, लॅनवरून वेब पान आणि एसएसएच (दुरून कमांड देऊन डबा चालवायची सोय) यांना हा रूल कायम वाट देतो. हेतू चांगला आहे, माणूस स्वतःच बाहेर अडकू नये. पण रूलच्या यादीत तो दुमडलेल्या ओळीत असतो, बाण दाबून उघडल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे लॅनवर ब्लॉकचा रूल लिहूनही पान उघडतच राहतं, आणि नवखा माणूस कपाळाला हात लावून बसतो.

यावर नेहमीचा सल्ला असा: फायरवॉल, सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड इथे जाऊन अँटी-लॉकआउट बंद करा. मी ते करत नाही. मी पोर्टांची वाटणीच उलटी करते. हा रूल ज्या इंटरफेसला चिकटतो ते आतल्या हिशेबातलं 'लॅन' असतं. वरून नाव काहीही द्या, ओपनसेन्सच्या लेखी ते लॅनच. मग तेच लॅन मी रिकाम्या मॅनेजमेंट पोर्टला देऊन टाकते, नाव ठेवते एमजीएमटी, पत्ता १०.९९.९९.१. ऑफिस जातं ऑप्ट-१ वर, म्हणजे पुढच्या जादा इंटरफेसवर. चौथ्या पोर्टवर व्हीएलएएन (एकाच तारेवर वेगवेगळी नेटवर्क) टाकून पाहुण्यांचं वायफाय, कॅमेरे आणि कोल्ड रूमचे कंट्रोलर वेगवेगळे.

याने दोन गोष्टी साधतात. एक तर अँटी-लॉकआउट आपल्या बाजूने काम करायला लागतो. मॅनेजमेंट पोर्टवरून मी कधीच बाहेर पडत नाही, बाकी रूलचा कितीही विचका होवो. दुसरं म्हणजे ऑप्ट-१ आणि त्यापुढची इंटरफेस कोरी पाटी घेऊन येतात. त्यांच्यावर एकही रूल नसतो, म्हणजे सगळं बंद. जे लागेल तेवढंच उघडायचं.

आणि नेमकं उघडताना घोळ होतो. या परीक्षणातला महत्त्वाचा भाग हाच, घाई असेल तर एवढा तरी वाचा.

सिस्टिम, सेटिंग्ज, अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या पानावर 'लिसन इंटरफेसेस' नावाचा रकाना आहे. नावावरून वाटतं की इथे एमजीएमटी निवडलं की विषय संपला, पान फक्त त्याच पोर्टवर उघडणार. बरेचजण इथेच थांबतात. आता ऑफिसला इंटरनेट द्यायला ऑप्ट-१ वर रूल लिहा, 'ऑफिस नेटवरून कुठेही'. मग ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसून १९२.१६८.१०.१, म्हणजे डब्याचा ऑफिसकडचा पत्ता, टाका: पान उघडत नाही. वा. आता १०.९९.९९.१ टाका. उघडतं!

कारण साधं आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरला १०.९९.९९.१ कुठे आहे ते ठाऊक नाही, तो पॅकेट (डेटाचा तुकडा) गेटवेकडे पाठवतो. गेटवे म्हणजे हीच फायरवॉल. ती बघते की हा पत्ता तर माझाच, आणि रूलप्रमाणे 'कुठेही' जायला परवानगी आहे, घेते आत. पॅकेट कुठल्या पोर्टातून शिरलं याच्याशी तिला देणंघेणं नसतं, पत्ता आपला आहे ना, बास. ऐकण्याची जागा बदलली, पण तिथवर चालत येण्याची वाट मोकळीच राहिली. घंटी पुढच्या दारावरून काढून परसदाराला लावली आणि घराला कंपाउंडच नाही, त्यातली गत.

खरं कुलूप रूलमध्ये आहे. ओपनसेन्समध्ये रूल लिहिताना पोचायचं ठिकाण म्हणून 'धिस फायरवॉल' हा पर्याय निवडता येतो. याचा अर्थ या डब्याचे झाडून सगळे पत्ते: ऑफिसकडचा, वायफायकडचा, मॅनेजमेंटचा आणि बाहेरचा पब्लिक आयपीसुद्धा. मी ऑफिस, पाहुणे, कॅमेरे, कंट्रोलर या सगळ्यांचा एक इंटरफेस ग्रुप करते आणि ग्रुपवर रूल लिहिते, म्हणजे तेच तेच चार ठिकाणी लिहायला नको. आधी 'धिस फायरवॉल'कडे डीएनएससाठी (साइटच्या नावावरून पत्ता शोधायला) पोर्ट ५३ आणि वेळेसाठी पोर्ट १२३ एवढं चालू; इथे पोर्ट म्हणजे डब्यावरचं नव्हे, सेवेचा नंबर. डीएचसीपीची (आपोआप पत्ता वाटण्याची) वाट ओपनसेन्स स्वतःच करून देतं. त्याखाली 'धिस फायरवॉल'कडे जाणारं बाकी सगळं ब्लॉक, लॉगसकट. ग्रुपचे रूल इंटरफेसच्या रूलआधी तपासले जातात, त्यामुळे इंटरनेट मोकळं करणारा रूल खाली निवांत राहतो.

पब्लिक आयपीचा उल्लेख मुद्दाम केला. काही जण शहाणपणाने असा रूल लिहितात की 'प्रायव्हेट पत्ते सोडून कुठेही जा'. कल्पना वाईट नाही, त्याने एक विभाग दुसऱ्यात शिरत नाही. पण डब्याचा बाहेरचा पत्ता प्रायव्हेट नाही. वायफायवर बसलेल्याने 'माझा आयपी काय' असं गुगलला विचारलं, आलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकला, की लॉगिन पान! बाहेरच्या जगाला ते बंद, आतल्याला चालू, कारण पॅकेट आलं ते वायफायच्या बाजूने. नेटवर्कवाल्या भल्या भल्या मंडळींना मी यावर गोंधळताना बघितलंय. 'धिस फायरवॉल'ने हेही झाकलं जातं.

रूल लावल्यावर तपासताना एक खबरदारी. ज्या टॅबमध्ये पान आधीच उघडं आहे ती टॅब रूलनंतरही खुशाल चालत राहते, कारण जुळलेल्या कनेक्शनची नोंद फायरवॉलकडे आधीच असते आणि रूल फक्त नव्या कनेक्शनला लागतात. फायरवॉल, डायग्नोस्टिक्स, स्टेट्स इथे जाऊन त्या नोंदी पुसायच्या आणि मग बघायचं. सोबत लाईव्ह व्ह्यू (लॉगची चालती यादी) उघडा ठेवायचा. पॅकहाऊसमध्ये मी अप्पांना तेच दाखवलं: त्यांच्या मोबाईलवरून १०.९९.९९.१ टाकायला लावलं, आणि माझ्या लॅपटॉपवर लाल ओळ सरकली. त्यांच्या मोबाईलचा आयपी, पोर्ट ४४३, ब्लॉक. तीनदा टाकून बघितलं त्यांनी. तीनदा लाल. "आता कसं!" म्हणाले आणि चहा मागवला.

मग लिसन इंटरफेसेस बदलायचं की नाही? वेब पानापुरतं मी ते 'ऑल' वरच ठेवते. त्या रकान्याच्या मदतीतच जपून वापरा अशी सूचना आहे आणि ती खरी आहे. उद्या कुणी इंटरफेस काढलं किंवा पत्ता बदलला तर पान उठणारच नाही, आणि रूलने जे काम चोख होतं त्यासाठी ही जोखीम घेण्यात मला अर्थ दिसत नाही. एसएसएच मुळात बंदच असतं. लागलं तर चालू करायचं, तेही पासवर्डऐवजी किल्लीने. यावर दुसरं मत असू शकतं. दोन्ही करा म्हणणारे आहेत, आणि पतसंस्थेसारख्या ठिकाणी ऑडिटर विचारतो म्हणून मीही दोन्ही केलंय.

भुसावळहून रोज सावद्याला जाणं परवडत नाही, म्हणून दुरून शिरायची सोय लागतेच. त्यासाठी वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा बंदिस्त बोगदा. ते आता ओपनसेन्समध्येच येतं, वेगळं प्लगइन नको. वॅनवर फक्त वायरगार्डचं यूडीपी पोर्ट उघडं, बाकी काही नाही. वायरगार्डच्या इंटरफेसवरून १०.९९.९९.१ कडे जायला माझ्या लॅपटॉपपुरता रूल. म्हणजे मघाशी जो स्वभाव त्रासाचा वाटला, कुठल्याही बाजूने आलं तरी स्वतःचा पत्ता ओळखून आत घेण्याचा, तोच इथे उपयोगी पडतो. अडचण एवढीच की इकडच्या बऱ्याच फायबर जोडण्या सीजीनॅटच्या मागे असतात, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला, स्वतःचा मिळत नाही. मग आयएसपीकडून (इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडून) स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घ्या, नाहीतर मध्ये भाड्याचा एखादा छोटा सर्व्हर ठेवून त्यावरून फिरवा. गिऱ्हाइकाशी बोलतानाच हे ठरवा, नंतर विषय काढला की "आधी का नाही सांगितलं" ऐकावं लागतं.

लॉगिनला टीओटीपीचा, म्हणजे मोबाईलवर सतत बदलणारा, कोड लावता येतो, तोही फुकट. मात्र त्यासाठी वेगळा रकाना नाही. मोबाईलवरचे सहा आकडे आणि पासवर्ड एकाच ओळीत सलग लिहायचे, आकडे आधी. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा आमच्या दिवाणजींना शिकवायला बोलवावं. शिवाय डब्याचं घड्याळ चुकलं की कोड चालत नाही, म्हणून एनटीपी (घड्याळ जुळवणारी सेवा) नीट आहे ना ते आधी बघा.

आता मला न आवडलेलं. ओपनसेन्समधलं हे मॅनेजमेंट पोर्ट खऱ्या अर्थाने स्वतंत्र नाही. पालो आल्टोच्या डब्यांना वेगळं एमजीटी पोर्ट असतं आणि मॅनेजमेंटचा कारभारही बाकी ट्रॅफिकपासून वेगळा चालतो. इथे सगळं एकाच रूटिंग टेबलवर, एकाच प्रोसेसरवर. कुणी लाईन तुंबवली आणि डबा गुदमरला की मॅनेजमेंटचं पानही गुदमरतं. पॅकहाऊसला हे चालून जातं. मोठ्या हॉस्पिटलला किंवा कॉलेजला चालेलच असं नाही.

दुसरं, हे सगळं जुळवून आणायचं काम तुमच्यावर. फोर्टिगेटमध्ये इंटरफेसच्या पानावरच एचटीटीपीएस, एसएसएच, पिंग अशा टिक करायच्या चौकटी असतात. नको ती टिक काढा, झालं. वर अ‍ॅडमिनच्या खात्याला ट्रस्टेड होस्ट (ठराविक पत्त्यांवरूनच लॉगिन) लावता येतात. सोफोसमध्ये 'डिव्हाइस अ‍ॅक्सेस' नावाचं एकच पान आहे: उभे सगळे झोन, आडव्या सगळ्या सेवा, किंवा उलट, पण एका नजरेत कळतं की कुठून काय उघडं आहे. (आमच्याकडे सोफोस पसरायचं एक कारण सायबरोम. ती अहमदाबादची कंपनी, २०१४ मध्ये सोफोसने घेतली. जुने सायबरोमचे डबे अजून काही ठिकाणी धूळ खात चालू दिसतात. दिसला तर आधी तो बदला.) ओपनसेन्समध्ये असं एक पान नाही. सामान सगळं आहे, रूल, ग्रुप, 'धिस फायरवॉल', अँटी-लॉकआउट, पण ते तीन-चार मेनूंत विखुरलेलं, आणि ते एकमेकांवर कसं चढतं हे कळल्याशिवाय हात घालायचा नाही. ज्या ठिकाणी वर्षभरात कुणी जाणकार फिरकणार नाही तिथे मी ओपनसेन्सऐवजी टिकांवाला डबाच सुचवते, लायसन्सचे पैसे गेले तरी.

हार्डवेअरबद्दल थोडं. मी एन-१०० प्रोसेसरचे, इंटेल आय-२२६ चिपची चार २.५ गिगाबिट पोर्ट असलेले, पंखा नसलेले मिनी पीसी वापरते. फ्रीबीएसडीत ही पोर्ट आयजीसी० ते आयजीसी३ अशी दिसतात. पंखा नाही हे जिनिंगमध्ये वरदान, सरकी-कापसाचे तंतू आत ओढले जात नाहीत. पण मे महिन्यात भुसावळ-रावेरकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमधल्या बंद रॅकमध्ये काय होत असेल ते तुम्हीच समजा. सेटिंग्जमध्ये थर्मल सेन्सर म्हणून इंटेल निवडा, म्हणजे डॅशबोर्डवर प्रोसेसरचं तापमान दिसायला लागतं. डबा रॅकच्या तळाशी ठेवा, वर काही रचू नका, रॅकला एक्झॉस्ट पंखा लावा. इन्स्टॉल करताना झेडएफएस निवडा. वीज गेली-आली तरी फाइल सिस्टिम सावरते. बायोसमध्ये 'वीज आल्यावर आपोआप चालू' हे सेट करायला विसरू नका. नाहीतर रात्री लाईट येते, डबा झोपलेलाच, आणि सकाळी सहाला फोन वाजतो.

मॅनेजमेंट पोर्टला स्विच जोडत नाही. त्यात कायमची केबलही नसते. गेलं की लॅपटॉपला हाताने १०.९९.९९.५ द्यायचा, पॅच कॉर्ड लावायची, काम झालं की काढून खिशात. त्या पोर्टवर डीएचसीपी बंद, म्हणजे कुणी गंमत म्हणून केबल खुपसली तर त्याला पत्ताच मिळत नाही. हा काही मोठा अडथळा नव्हे, खरा अडथळा रॅकचं कुलूप. कन्सोलच्या मेनूलाही पासवर्ड लावलाय, कारण मॉनिटर-कीबोर्ड जोडला की तिथून रूट पासवर्ड बदलता येतो. तरीही रिकामं पोर्ट बघितलं की लोकांचा हात शिवशिवतो. दिवाणजींनी विचारलंच, "ताई, हे एक मोकळं दिसतंय, त्यात प्रिंटर लावून टाकू का?" तेव्हापासून प्रत्येक डब्यावर लाल टेप आणि खाली मार्करने: 'प्रिंटर लावू नये'.

स्विच आणि अ‍ॅक्सेस पॉइंट यांचीही लॉगिन पानं असतात आणि तीही अशीच उघडी पडलेली असतात. त्यांना एक वेगळा व्हीएलएएन द्या, 'धिस फायरवॉल'चा रूल त्यांना झाकत नाही.

घेताना चार पोर्टचाच घ्या. दोन पोर्टचा थोडा स्वस्त मिळतो, दुकानदार तोच पुढे करतो, पण त्यात मॅनेजमेंटसकट सगळं व्हीएलएएनवर न्यावं लागतं, म्हणजे मॅनेज्ड स्विच आला, आणि त्या स्विचचं कॉन्फिगरेशन उडालं की फायरवॉलपर्यंत पोचायला कन्सोलशिवाय रस्ता राहत नाही. सहा पोर्टचेही येतात. पॅकहाऊसला ते जास्तीचे आहेत. पतसंस्थेत दुसरी लाईन बॅकअपला असते, तिथे घ्यायला हरकत नाही.